झाडामागचा प्रशिक्षक

पुलगावच्या पोराला फुटबॉलच्या निवड चाचणीला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा गाडीची होते. नागपूर शंभरेक किलोमीटर, म्हणजे पहाटे निघून संध्याकाळी परतता येतं. बोलावणं पुण्या-मुंबईचं असलं तर एक रात्र गाडीत, एक दिवस मैदानावर आणि पुन्हा एक रात्र गाडीत. सोबत बाप नाहीतर मोठा भाऊ, म्हणजे त्याची रजा किंवा मजुरी बुडाली. पिशवीत बूट, जन्माचा दाखला, आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि पोळी-भाजीचा डबा. मैदानावर पोचल्यावर छातीवर एक क्रमांक लागतो आणि घरचं नाव तिथल्या तिथे गळून पडतं. मग पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. तेवढ्यात पाच-सहा वेळा चेंडू पायाशी येतो. त्यातला एक पास चुकतो आणि रेषेबाहेरून सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज येतो, "काहून बे सत्तावीस, घरून झोपूनच आला का?" पोरं हसतात. कुंपणाला टेकलेले बापही हसतात. त्यातला एक हसत नाही.

हे वाक्य कोणा एका प्रशिक्षकाचं नाही. थोड्याफार फरकाने ते कुठल्याही गावच्या मैदानावर ऐकू येईल. ते बोलणारा माणूस वाईटच असतो असंही नाही. बहुतेक वेळा तो उन्हात दिवसभर उभा असतो, मानधन तुटपुंजं असतं आणि समोर दोनशे पोरं असतात. तरीही प्रश्न उरतोच. चाचणीला आलेल्या मुलाचे दोष चारचौघांत काढावेत का? काढले तर त्याचा खेळ सुधारतो की पोरगा मैदान सोडतो? आणि काहीच बोलायचं नाही म्हटलं, तर निवड न झालेल्या मुलाला आपलं काय चुकलं हे कळायचं कसं?

चाचण्या वाढल्या

हा प्रश्न आजच घ्यायचं कारण म्हणजे महाराष्ट्रात फुटबॉलच्या चाचण्या कधी नव्हत्या इतक्या वाढल्या आहेत. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि नवी मुंबई त्याचं एक केंद्र होतं. त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन'च्या निमित्ताने शाळाशाळांतून एका दिवसात लाखो मुलांच्या पायाशी चेंडू आणला. २०२३ मध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबशी करार होऊन चौदा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धा जिल्हा पातळीपासून झाल्या आणि त्यातून वीस मुलं म्युनिकला जाण्यासाठी निवडायची असं ठरलं. २०२५ मध्ये 'महादेवा' नावाचा प्रकल्प आला. तेरा वर्षांखालील मुला-मुलींची राज्यभर चाचणी आणि शेवटी साठ जणांना शिष्यवृत्ती, तीस मुलगे आणि तीस मुली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला लिओनेल मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा या मुलांचंही कौतुक झालं.

याखेरीज नेहमीच्या वाटा आहेतच. शालेय स्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी. वर्धा जिल्ह्याची मुलं नागपूर विभागात खेळतात. सुब्रोतो चषक १९६० पासून चालू आहे. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांचे युवा संघ आहेत. आणि पुलगावसारख्या लष्करी वस्तीच्या गावात, जिथे मध्यवर्ती दारूगोळा भांडारामुळे फौजी माणूस रोज नजरेसमोर असतो, तिथे सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीचं नावही पोरांना ठाऊक असतं.

या वाटांच्या टोकाला पोटापाण्याचे प्रश्न बांधलेले आहेत. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. म्हणून चाचणीतला नकार हा खेळातलाच नकार राहत नाही. घरच्यांच्या डोळ्यांपुढे ते एक बंद झालेलं दार असतं. त्या दारावर कोणी मोठ्याने काही बोललं, तर तो आवाज गावापर्यंत येतो. आता तर बापाच्या हातात मोबाइल असतो. मैदानावरचं एक वाक्य संध्याकाळच्या आत गावच्या ग्रुपवर फिरतं.

ओरडण्याच्या तीन जाती

या वादात पहिली गफलत होते ती सगळ्या ओरडण्याला एकाच मापाने मोजण्यात. मैदानावरच्या आवाजाच्या निदान तीन जाती आहेत.

पहिली जात सूचनेची. "मागे ये", "माणूस धर", "डावीकडे मोकळा आहे, बघ". हे ओरडूनच सांगावं लागतं. मैदान शंभर मीटर लांब असतं, तिथे कानात कुजबुजता येत नाही. आवाज चढलेला असला तरी बोट खेळाकडे असतं. पोराला ते लागत नाही, उलट सर आपल्याकडे बघताहेत याचा आधार वाटतो.

दुसरी जात निवाड्याची. "तुझ्यात दमच नाही", "हा खेळ तुझा नाही, शाळेत लक्ष दे". इथे बोट खेळावरून सरकून पोरावर आलेलं असतं. वाक्यात सुधारायला जागा नसते. पास चुकला हे कळतं, पण तो का चुकला हे कळत नाही. पाय चेंडूमागे पोचला नव्हता, की मान वर करून पाहिलंच नव्हतं?

तिसरी जात चव्हाट्याची. मुलाशी न बोलता तिसऱ्याशीच बोलायचं. पालकांच्या घोळक्यात, दुसऱ्या प्रशिक्षकाजवळ, नाहीतर स्पर्धा हरल्यावर वार्ताहराला सांगायचं की अमुक गोलरक्षकाने घात केला. मोठ्या, पगारी, कराराने बांधलेल्या खेळाडूबद्दल प्रशिक्षक जाहीर बोलतो तेव्हा त्यावर मतभेद होऊ शकतात. पण तेरा वर्षांच्या मुलाकडे त्याला उत्तर द्यायला व्यासपीठ नसतं. त्याच्याबद्दल तिसऱ्याकडे बोलणं म्हणजे एकतर्फी खटला.

वाद खरा दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीबद्दल आहे. त्यांच्याही बाजूने बोलणारे लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

वस्तादाची बाजू

महाराष्ट्रात फुटबॉल जिथे सर्वांत खोल रुजला त्या कोल्हापुरात संघांची नावंच पाहा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. चेंडू आला तो कुस्तीच्या लाल मातीच्या शेजारी. तालमीत वस्तादाचा शब्द अखेरचा असतो आणि तो शब्द गोड असेलच असं नाही. शाहू स्टेडियमवर तर हजारो प्रेक्षक खेळाडूच्या तोंडावर त्याच्या चुका मोजतात. इथली माणसं विचारतात, ज्याला प्रशिक्षकाचं एक वाक्य सोसत नाही तो या गॅलरीसमोर उभा कसा राहणार? कातडी जाड व्हायची तर ती लहानपणीच व्हायला हवी.

दुसरा मुद्दा वशिल्याचा. आपल्याकडे निवड यादी लागली की पहिली कुजबुज "कोणाचा पोरगा आहे?" हीच असते. प्रशिक्षक म्हणतो, मी सगळ्यांसमोर दोष सांगितले तर निदान कोणी म्हणणार नाही की आतून काही शिजलं. बंद खोलीतल्या निवडीपेक्षा उघड्यावरची झाडाझडती बरी.

तिसरा आधार अनुभवाचा, आणि त्यात सगळ्यांच्या ओठावर एक नाव असतं. क्रिकेटचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर. सचिन तेंडुलकरने सांगितलेला किस्सा मराठी घराघरांत पोचला आहे. शाळेच्या मोठ्या संघाचा सामना वानखेडेवर बघायला म्हणून त्याने स्वतःचा सराव सामना बुडवला, सरांनी ते पकडलं आणि थप्पड मारली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ, असा त्याचा अर्थ होता. २०१३ मध्ये निवृत्तीच्या भाषणात त्याने हेही सांगितलं की इतक्या वर्षांत सर एकदाही "छान खेळलास" म्हणाले नाहीत. मग लोक विचारतात की एवढ्या कठोर हाताखालून एवढा मोठा खेळाडू निघाला, तर आजच्या पोरांना एवढं जपायचं कशाला?

थप्पड आठवते, स्कूटर आठवत नाही

हा दाखला जे देतात ते गोष्ट अर्धीच सांगतात. त्याच सचिनने आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत.

पहिली स्कूटरची. आचरेकर सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, म्हणजे दिवसात जास्तीत जास्त वेळा त्याला फलंदाजी मिळावी. सरावाच्या शेवटी यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. गोलंदाजाने बाद केलं तर नाणं त्याचं, नाही तर सचिनचं. थप्पड मारणाऱ्या हाताने आधी हे सगळं दिलेलं होतं. तालमीतही तसंच असतं. वस्ताद शिव्या घालतो, पण पोराच्या खुराकाची आणि दुखापतीची काळजीही तोच करतो. रागावण्याचा हक्क त्या नात्यातून येतो.

चाचणी घेणाऱ्या प्रशिक्षकाचं त्या मुलाशी काय नातं असतं? वीस मिनिटांचं. त्याने त्याला काही शिकवलेलं नाही, त्याच्यासाठी कुठे गाडी वळवलेली नाही. निवड झाली नाही तर तो मुलगा पुन्हा त्याच्या नजरेसही पडणार नाही. म्हणून वस्तादाच्या कठोरपणाचा दाखला चाचणीच्या प्रशिक्षकाला लागू होत नाही. तो उसना अधिकार आहे.

दुसरी गोष्ट झाडाची, आणि आपल्या विषयाला ती जास्त जवळची आहे. १९८४ च्या सुमारास अकरा वर्षांचा सचिन शिवाजी पार्कवर आचरेकरांच्या शिबिरात चाचणीला गेला. सर आणि इतर सगळे बघताहेत या दडपणाखाली त्याला खेळताच येईना. मोठा भाऊ अजित सरांना म्हणाला की तो बावरला आहे, एक संधी द्या आणि जरा दूर जाऊन बघा. सर निघून गेल्यासारखं करून एका झाडामागे उभे राहिले. मग पोरगा मोकळा खेळला आणि शिबिरात आला.

विचार करा, त्या दिवशी सर मैदानाच्या मधोमध उभे राहून "याला बॅट धरता येत नाही" असं म्हणाले असते तर? त्यांना जे दिसत होतं त्यानुसार ते वाक्य खोटं ठरलं नसतं. मराठी क्रीडा इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध चाचणी प्रशिक्षक बाजूला सरकल्यामुळे यशस्वी झाली. आपण सरांची थप्पड घेतली आणि झाड सोडून दिलं.

चाचणीत दिसतं किती?

जाहीर दोष काढण्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप दयेचा नाहीच, अचूकतेचा आहे. जे दिसलं ते खरं असेल याची खात्री चाचणीत फार कमी असते.

वयाचं उदाहरण घ्या. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात आणि त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. बाराव्या वर्षी हे अंतर उंचीत, वजनात, वेगात स्पष्ट दिसतं. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बर्फावरच्या हॉकीत दाखवून दिलं की निवडलेल्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या फार मोठी असते. पुढे फुटबॉलमध्येही हाच कल अनेक देशांत आढळला. आपल्याकडे यात आणखी भर आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख टाकून दिलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. तो काळ सरत आला, पण खेळासाठी वय कमी दाखवण्याची खोड गेलेली नाही. म्हणून तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासावं लागतं. अशा मैदानावर "तुझ्यात ताकद नाही" असं ज्याला ऐकवलं, तो कदाचित खरं वय सांगणारा एकटाच पोरगा असेल.

शरीर उशिरा भरणं ही आणखी एक गोष्ट. फ्रान्सच्या आंत्वान ग्रिझमानला लहानखुऱ्या अंगामुळे मायदेशातल्या एकामागून एक क्लबांनी नाकारलं. मोंपेलिएकडे चाचणीवर असताना पॅरिसच्या एका स्पर्धेत तो स्पेनच्या रेआल सोसिएदादच्या माणसाच्या नजरेत भरला, आणि २०१८ मध्ये त्याने विश्वचषक जिंकला. जेमी व्हार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी सोडलं. कारखान्यात काम करत, खालच्या लीगमध्ये खेळत तो वर आला आणि २०१६ मध्ये लेस्टरसोबत इंग्लंडचा लीग विजेता झाला. हॅरी केनलाही आर्सेनलने लहानपणी सोडलं होतं. ही उदाहरणं प्रत्येक नाकारलेल्या मुलाला लागू पडत नाहीत; बहुतेक नाकारलेले पुढे मोठे खेळाडू होत नाहीत. मात्र जाणकारांचे डोळेही चुकतात हे त्यातून नक्की कळतं. चुकण्याची शक्यता एवढी असताना निवाडा तरी हळू आवाजात द्यावा.

क्रीडा प्रबोधिनीच्या बॅटरी टेस्टचा इथे एक गुण सांगायला हवा. उंची, वजन, तीस मीटर धाव, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, आठशे मीटर अशा नऊ चाचण्या आणि त्यांचे मोजलेले आकडे. घड्याळ कोणाचा पाणउतारा करत नाही. पण फुटबॉल नुसत्या घड्याळात मावत नाही. मोकळी जागा ओळखणं आणि पहिल्या स्पर्शात चेंडू अंगाखाली घेणं माणसालाच पाहावं लागतं, आणि माणूस आला की शब्द आले.

आकडे आणि दाखले

शब्दांचा परिणाम मोजण्याचा एक जुना आणि नीट प्रयत्न अमेरिकेत झाला. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७० च्या दशकापासून मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचं वागणं मैदानावर बसून नोंदवलं. नंतर काही प्रशिक्षकांना त्यांनी थोडक्यात शिकवलं: चांगल्याला दाद द्या, चुकल्यावर आधी धीर द्या आणि मग ती कशी सुधारायची ते सांगा, शिक्षा आणि टोमणे टाळा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढच्या मोसमाचा हिशेब आहे. न शिकवलेल्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं खेळ सोडून गेली, शिकवलेल्यांकडची फक्त ५ टक्के. खेळ दुसरा, देश दुसरा, पण पोरं पोरंच. ज्या जिल्ह्यात एक संघ उभा करायला मुलं गोळा करावी लागतात, तिथे हा फरक फार मोठा आहे.

भारतीय फुटबॉलचाही एक दाखला आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी संघ घडवायला जर्मनीचे निकोलाय ॲडम यांना आणलं होतं. स्पर्धेला काही महिने उरले असताना खेळाडूंनी मारहाण आणि अपमानास्पद वागणुकीची तक्रार केल्याच्या बातम्या आल्या आणि त्यांना जावं लागलं. पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी माटोस आले. संघ तिन्ही सामने हरला, तरी जीकसन सिंगच्या डोक्याने विश्वचषकातला भारताचा पहिला गोल झाला. त्या संघात कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव होता आणि अमेरिकेत न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडेही. दोघेही मराठी घरांतले, आणि दोघांच्या वाटा निवडीच्या वेगवेगळ्या दारांतून आलेल्या. देशातली सर्वांत निवडक, सर्वांत कणखर मुलं ज्या वागणुकीविरुद्ध तक्रार करतात, ती गावच्या मैदानावरच्या नवख्या पोराने हसत सोसावी ही अपेक्षा कुठल्या हिशेबात बसते?

उलट बाजूचा दाखलाही द्यायला हवा. एप्रिल २०१७ मध्ये मँचेस्टर युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक जोजे मोरिन्यो आपल्याच खेळाडू ल्यूक शॉबद्दल पत्रकारांना म्हणाले की शरीर त्याचं होतं, डोकं माझं. शॉ तेव्हा एकवीस वर्षांचा होता. चार वर्षांनी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला गोल करून तो उभा राहिला. कोणी म्हणेल, बघा, बोलणं लागू पडलं. पण शॉकडे करार होता, पगार होता, दलाल होता आणि त्याची बाजू लिहिणारी वर्तमानपत्रं होती. त्याच क्लबमध्ये ॲलेक्स फर्ग्युसन यांनी सव्वीस वर्षं काढली ती ड्रेसिंग रूममध्ये आग ओकत आणि बाहेर आपल्या पोरांची पाठ राखत. शिवाय जे टिकतात त्यांच्याच आठवणी छापल्या जातात. जो मैदान सोडून गेला त्याची मुलाखत कोणी घेत नाही.

इंग्लंडला हे फार उशिरा उमगलं. २०२० मध्ये अकादमीतून मुक्त केलेल्या एका अठरा वर्षांच्या तरुणाच्या मृत्यूने तिथलं फुटबॉल हादरलं. पुढच्या वर्षी क्रिस्टल पॅलेसने सोडलेल्या मुलांची तीन वर्षं विचारपूस करण्याची योजना आणली. नकार कसा द्यायचा आणि नंतर काय करायचं, हेही क्लबच्या कामात मोजलं जाऊ लागलं.

आपल्याच जिल्ह्यातला धडा

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. पुलगावहून सेवाग्राम जवळच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिथून नयी तालीमची कल्पना देशभर गेली. हाताने काम करत शिकायचं आणि शिक्षकाने मुलासोबत राबायचं. गांधीजींनी आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवरचा एक प्रसंग लिहिला आहे. एका दांडगट मुलाला त्यांनी रुळाने मारलं. मारताना त्यांचाच हात थरथरला, मुलगा रडला, त्याने माफी मागितली. त्याची वागणूक सुधारली असेलही, पण आपण त्याला आपल्यातलं जनावर दाखवलं याची खंत त्यांना कायम राहिली. मारणाऱ्याने स्वतःलाच प्रश्न विचारणं हे आपल्या क्रीडासंस्कृतीत दुर्मिळ आहे. प्रशिक्षक ओरडतो तेव्हा पोराला ताळ्यावर आणतो, की स्वतःचा वैताग मोकळा करतो? उत्तर बहुतेक वेळा त्याला स्वतःला माहीत असतं.

दुसरा धडा नागपूरचा. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात मोडकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. २०१६ मध्ये त्याला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये याच गोष्टीवरचा नागराज मंजुळेंचा 'झुंड' पडद्यावर आला. या कामातून मुलं बेघरांच्या विश्वचषकाला जातात. त्या स्पर्धेचा एक नियम फार बोलका आहे. कोणाही खेळाडूला आयुष्यात एकदाच तिथे खेळता येतं. म्हणजे तिथे निवड ही पुढच्या कारकिर्दीची पायरी नाहीच. ती एका माणसाला एकदा दिलेली संधी आहे. ज्या पोरांना आयुष्याने आधीच नापास करून टाकलं होतं, त्यांना मैदानावर पुन्हा नापास करून काही साधलं नसतं, हे बारसे सरांना सांगावं लागलं नाही.

कायदा काय म्हणतो

शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी घालतं. शालेय संघाचा सराव शाळेच्या नावावर होतो, तेव्हा मैदान शाळेबाहेर आहे ही पळवाट तोकडी पडते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला विनाकारण मानसिक वा शारीरिक यातना होतील असं वागवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्येक चढलेला आवाज गुन्हा ठरत नाही आणि ठरूही नये. प्रशिक्षकाच्या डोक्यावर टांगती तलवार ठेवली तर जिल्ह्यात प्रशिक्षक मिळायचे नाहीत. कायदा शेवटची रेष दाखवतो. रीत आपल्याला त्याच्या पुष्कळ अलीकडे आखायची आहे.

मौनही बरं नाही

एवढं वाचून एखादा प्रशिक्षक म्हणेल, ठीक, मी तोंडच उघडणार नाही. यादी फलकावर लावतो आणि घरी जातो. आपल्याकडची खरी सवय हीच आहे, आणि तीही अपमानाचीच एक जात आहे. दोन रात्री गाडीत काढलेल्या मुलाला आपलं नाव यादीत नाही एवढंच कळतं. का नाही ते कळत नाही. मग ती पोकळी गाव भरून काढतं: वशिला होता, जात पाहिली, पैसे खाल्ले. जाहीर झाडाझडतीने जे नुकसान होतं, तेच मौनानेही होतं, फक्त आवाज न करता.

मुलींच्या बाबतीत तर दोन्ही टोकं अधिक महाग पडतात. आपल्या भागात मुलीला चाचणीला पाठवताना घरात आधीच चार माणसांची समजूत काढलेली असते. तिच्या अंगाबद्दल किंवा पळण्याबद्दल मैदानावर कोणी बोललं, तर दुसऱ्या दिवशी ती मैदानावर नसते, आणि तिच्या पाठची बहीणही येत नाही.

माझं मत असं. निकाल उघड असावा, कारण आड. चाचणीआधी फलकावर लिहा की काय पाहणार आहोत: पहिला स्पर्श, पास, चेंडू नसतानाची हालचाल, वेग, दम. प्रत्येकाला गुण द्या. निवडलेल्यांचे क्रमांक आणि गुण जाहीर करा. वशिल्याच्या संशयाला एवढं उत्तर पुरेसं आहे. ज्यांची निवड झाली नाही, त्यांच्या हातात एक चिठ्ठी द्या. त्यावर एक जमेची गोष्ट आणि एक शिकायची गोष्ट, दोन ओळींत. दोनशे मुलांसाठी ते काम मोठं आहे हे खरं, पण एका मुलाला एक मिनिट, म्हणजे तीन-साडेतीन तास. टिपणं घेणारा एक मदतनीस हाताशी असला की होतं. आणि सामना हरल्यावर वार्ताहर आला तर प्रशिक्षकाने संघाबद्दल आणि स्वतःबद्दल बोलावं. अठरा वर्षांखालच्या कुणाचंही नाव घेऊन दोष सांगू नये.

पालकांनाही एक सांगायचं आहे. कुंपणाला टेकून हसणारे आपणच असतो, मोबाइल काढणारेही आपणच. प्रशिक्षकाने सोडलेलं वाक्य घरी नेऊन वर्षभर ऐकवणारेही आपणच.

संध्याकाळी सत्तावीस क्रमांकाचा पोरगा परतीच्या गाडीत बसतो. बूट पिशवीत, छातीवरचा कागद चुरगळलेला. वर्धा गेलं की बाप विचारतो, "काय म्हणाले सर?" प्रशिक्षकांना एवढीच विनंती आहे की त्या पोराला बापाला सांगता येईल असं एक खरं वाक्य देऊन पाठवा.